कपाटाला चिकटलेलं संरक्षण

तपासणीला साहेब यायला तासभर उरलेला असताना भांडारपालांना ठोकळ्यावर धूळ दिसली आणि तिथेच घात झाला.

देशावर वेळ आली तर क्षेपणास्त्रांपासून रडारपर्यंत लागतील अशी दुर्मीळ खनिजं या गोदामात साठवलेली होती. त्यांतल्याच एका खनिजाच्या चुंबकाचा विटेएवढा ठोकळा भांडारपालांनी पुसायला म्हणून लाकडी पेटीतून काढला. तो हातातून निसटला आणि गर्दीत चुकलेलं लेकरू आईला बिलगावं तसा लोखंडी कपाटाला जाऊन बिलगला.

"अहो, ओढा की!" कारकूनबाई ओरडल्या.

"ओढतोय की!"

पहार आणली, पहार चिकटली. ती सोडवायला पाना आणला. तोही पहारीच्या संगतीला गेला. बाईंनी कात्री पुढे केली, ती तर न विचारताच गेली.

भांडारपाल मटकन बसले. एक जरी वाईट शेरा पडला, तर दूरच्या भांडारात बदली ठरलेली. आणि बायको गेल्याच महिन्यात इथल्या शाळेची मुख्याध्यापिका झालेली. ती काही येणार नव्हती.

"बाई, मला साधा चहा करता येत नाही हो!"

तेवढ्यात साहेब हजर. "हे काय?"

"साठा, साहेब."

"पेटीत का नाही?"

"पेटीत जायला तयार नाही."

साहेबांनी कोट उतरवला, कपाटाला पाय लावला आणि ओढलं. ठोकळा हलला नाही; मनगटावरचं घड्याळ तेवढं बंद पडलं. तिसऱ्या खेपेला ते धापा टाकत खुर्चीत कोसळले.

"चोरीची भीती नाही म्हणायची."

"नाही साहेब. पण माझी बदली...?"

"कसली बदली? ताबा देताना सगळा साठा काट्यावर तोलून द्यायचा, असा नियम आहे. हा काट्यावर येतो का?"

"येत नाही."

"मग तुम्हालाही जाता येत नाही. तो सुटेपर्यंत मुक्काम इथेच."

भांडारपालांनी ठोकळ्याकडे अशा काही प्रेमानं पाहिलं, की लग्नात बायकोकडेही तसं पाहिलं नसेल.

बाईंना मात्र राहवेना. "पण साहेब, उद्या युद्ध झालं आणि हाच लागला तर?"

साहेबांनी तपासणीची वही ओढली आणि ठसठशीत अक्षरात शेरा मारला: 'साठा अत्यंत सुरक्षित. युद्ध शक्यतो टाळावे.'