दुसऱ्या मिसेस हॉवलँड

मेळाव्याला दीड तास उरला होता आणि डेल्बर्ट शर्टाला इस्त्री करत होता, तेवढ्यात ग्लॅडिस प्रिबिल दार न वाजवताच स्वयंपाकघरात आली. जिल्ह्याच्या छोट्या संग्रहालयातली जुनी वर्तमानपत्रं तीच सांभाळायची.

"डेल्बर्ट, बस आधी. तुझ्या बायकोचे आजोबा कधी जन्मले?"

"शहाऐंशी साली. अठराशे शहाऐंशी. का?"

"आणि तू आज ज्या बाईंचा मृत्युलेख वाचणार आहेस, त्या कधी वारल्या?"

डेल्बर्टने कागद पाहिला. "चौऱ्याऐंशी."

"मरून दोन वर्षांनी मुलगा झाला त्यांना?"

शर्टातून धूर यायला लागला.

गावात दर ऑगस्टमध्ये आद्य वसाहतकारांचा मेळावा भरे. नेब्रास्काच्या या माळावर पहिल्यांदा आलेल्यांपैकी एकाचा वर्तमानपत्रातला जुना मृत्युलेख तिथे वाचला जाई आणि वंशजांची नावं मेळाव्याच्या वहीत चढत. डेल्बर्टच्या बायकोने, आर्डिथने, आपल्या पणजीसाठी अकरा वर्षं नंबर लावला होता. नंबर यंदा लागला आणि आर्डिथ फेब्रुवारीत गेली. तेव्हा हे काम नीट पार पाडायचंच, असं डेल्बर्टने ठरवलं होतं. लेख त्यानेच शोधला होता : 'मिसेस अँटन हॉवलँड. देवमाणूस. तोंडून कधी कठोर शब्द नाही.'

"पण नाव तर तेच आहे," तो म्हणाला.

"त्या काळी बायकांना स्वतःचं नाव कोण छापत होतं? अँटनची जी बायको, ती मिसेस अँटन. पहिली गेल्यावर आठ महिन्यांत त्याने दुसरी केली. पहिलीला मूलबाळ नव्हतं. तुमची पणजी ही." ग्लॅडिसने खिशातून चिठ्ठी काढली. "चारच ओळी आहेत. वाच."

डेल्बर्टने वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. "मला आधीच शंका यायला हवी होती. कठोर शब्द नाही म्हणे! आर्डिथबरोबर शेहेचाळीस वर्षं संसार केलाय मी!"

आर्डिथची धाकटी बहीण लव्होन मात्र हसली नाही. मेळाव्याच्या मैदानावर ती केकपाशी उभी होती. केकवर गुलाबी अक्षरात 'आमची देवमाणूस पणजी' लिहिलेलं. लेखाच्या दोनशे प्रती वाटून झाल्या होत्या, आणि पाद्रीबुवांनी त्यावरून प्रार्थनाही रचली होती.

"तू पहिलाच लेख वाचायचास," ती दात आवळून म्हणाली.

"ती आपली कोणी नाही, लव्होन."

"आज दुपारपुरती आहे! केक कापेपर्यंत कळ काढ!"

"आर्डिथने अकरा वर्षं वाट पाहिली ती परक्या बाईसाठी नाही."

डेल्बर्ट मंचावर चढला. घसा खाकरून त्याने चिठ्ठी धरली.

"'मिसेस अँटन हॉवलँड मंगळवारी वारल्या. त्र्याहत्तर साली वडिलांबरोबर बैलगाडीतून आल्या. टोळधाडीच्या वर्षी शेजारी परत गेले, त्या गेल्या नाहीत. आपलं मत त्या कधी मनात ठेवत नसत. प्रस्तुत संपादकाने ते पुष्कळदा ऐकलं आहे. गाव आता फार शांत आहे.'"

शेवटच्या वाक्याशी तो जरा अडखळला. त्याचंही घर फार शांत होतं.

तेवढ्यात लव्होन मंचावर आली आणि तिने माइक ओढून घेतला.

"साफ खोटं! आमच्या घराण्यात तोंडाळ बाई झालीच नाही! तो संपादक दारुडा असणार. आणि पाद्रीबुवा, तुम्ही हसताय काय? तुमचं मागच्या रविवारचं प्रवचन पन्नास मिनिटं चाललं, तेव्हा आम्ही हसलो का? आणि हे बटाट्याचं सॅलड कोणी केलंय? मीठ काय पुढच्या वर्षी घालणार?"

लोक आधी चुळबुळले, मग हळूहळू माना डोलवू लागले. ग्लॅडिसने वही उघडली आणि पुराव्याच्या रकान्यात लिहिलं : 'एक मृत्युलेख. एक जिवंत साक्ष.' खाली आर्डिथचं नाव घातलं.

लव्होन आता नगराध्यक्षांच्या तुंबलेल्या गटाराच्या विषयावर आली होती. ध्वनिक्षेपकवाला घाबरून डेल्बर्टच्या कानाशी वाकला. "बंद करू का?"

"छे छे," डेल्बर्ट खुर्चीत मागे टेकत म्हणाला, "आवाज थोडा वाढवता आला तर बघ."