मिरजेचे ब्लूजवाले सुर्वेकाका

सुर्वेकाका दुबईतल्या आमच्या देऱ्याच्या फ्लॅटवर आले, की पहिला नमस्कार एसीला. मान तिरकी करून त्याची घरघर ऐकायची, सफारीच्या कुठल्याशा खिशातून त्या पट्टीचा माउथ ऑर्गन काढायचा आणि निदान करायचं, "अरुण, तुझा एसी आज जीमध्ये रडतोय." मग चहा येईपर्यंत दोघांची जुगलबंदी.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. काका एसीच्याच कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र एका छोट्या हॉटेलच्या बारमध्ये गोव्याच्या फर्नांडिसबरोबर ब्लूज वाजवत. ब्लूज म्हणजे काय, असं विचारलं की म्हणत, "अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांचं रडगाणं. सूर वाकवायचा हबीबी, मोडायचा नाही." एकदा गणपतीत त्यांनी आरतीला साथ केली आणि सूर इतके वाकवले, की मंडळाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या कडव्यालाच त्यांच्या तोंडात मोदक दिला. माझ्या मुलीनं विचारलं, "अंकल, व्हाय इज इट सो सॅड?"

"सॅड नाही बेटा, ओव्हरटाइम आहे!"

मीही त्यांची भरपूर टर उडवली. पण बारमध्ये त्यांना ऐकलं आणि टर उडवणं सोडून दिलं. डोळे मिटून काय वाजवायचा हा माणूस! लोक मात्र हिंदी गाण्यांच्या फर्माइशी करत बसलेले.

काकू मिरजेला, काकांच्या आजारी आईपाशी अडकलेल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बारमध्ये वाजवतो म्हटलं, तर आई अन्न सोडेल," काका म्हणत. इतकी वर्षं वाजवलं, पण आपल्या घरच्या कुणी ऐकलं नाही, हे त्यांना फार लागायचं.

मग आई गेली. काका मिरजेला जाऊन आले, तोवर हॉटेलनं डीजे ठरवला होता. बँड खलास. शेवटच्या गुरुवारी मी गेलो, तर काका काउंटरवरून मिरजेला फोन लावत होते.

"सुमन, फोन ठेवू नकोस. बारमधून बोलतोय. दारूबिरू नाही गं, मी वाजवतो इथं. ऐक जरा."

रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते स्टेजवर गेले. मी तो त्यांच्या दिशेनं धरून उभा राहिलो. त्या दिवशी ते वाजवत होते ते एकट्या काकूंसाठी.

गाणं संपलं. फोन चालू आहे ना, हे बघायला मी रिसीव्हर कानाला लावला. काकूंना वाटलं काकाच आहेत. म्हणाल्या, "अहो, इतकं एकटं वाटत होतं, तर सांगायचं नाही का?"

मी खूण करून काकांना बोलावलं आणि फोन त्यांच्याकडं दिला.