वाकळीतली सनद

दसऱ्याला आमचं निलंगा दुपारनंतर रिकामं होतं. गावची हद्द ओलांडायची, आपट्याची पानं तोडायची, सोनं म्हणून एकमेकांच्या हातात द्यायची. याला आमच्याकडं शिलंगण म्हणतात. लंगडे, पांगळे, भांडलेले भाऊ, सगळे जातात. शंकरराव तेवढे बेकरीच्या पायरीवर बसून राहायचे.

"चला की," मी म्हणायचो.

"माझं शिलंगण एकदा झालंय, कंट्रोलरसाहेब. जरा लांबचं झालं. येताना सोनं घेऊन या."

मी एसटीत कंट्रोलर होतो. स्टँडच्या समोरच त्यांची बेकरी. दिवाळी आली की लोक घरून रवा, तूप, पिठीसाखर घेऊन येत आणि शंकरराव भट्टीत नानखटाई भाजून देत. डब्याची अदलाबदल सहसा होत नसे. झालीच तर ते म्हणत, "तूप कायदेशीर हाय का बघा, मग आपलंच." कायदेशीर हा त्यांचा लाडका शब्द. चहा कायदेशीर, जावई कायदेशीर, एकदा तर पाऊसही कायदेशीर पडला होता.

शंकररावांचा जन्म कराचीचा. आजा इथल्याच तेरणाकाठच्या गावचा. दुष्काळात मुंबईला गेला, तिथून बोटीनं कराचीला, बंदरावर हमालीला. नंतर देशाचे दोन तुकडे झाले आणि हे मराठी कुटुंब आहे तिथंच राहिलं. आईबाप गेल्यावर तरणे शंकरराव व्हिसा काढून नातलगांकडं आले ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत उर्दू इतकं होतं की पुण्यात लोकांनी वळून पाहिलं असतं. आमच्याकडं मात्र निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला तरी म्हातारी माणसं तसंच बोलत होती. शंकरराव तोंड उघडत तेव्हा ते परके वाटतच नसत. परके ठरत ते फक्त कागदावर.

आणि कागदावर ते लई वर्षं परके होते. व्हिशावर गाव लिहिलेलं. त्या गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पोलिसांची परवानगी. आल्या आल्या पहिल्याच दसऱ्याला ते सगळ्यांबरोबर ओढ्यापलीकडं गेले, पानं तोडली, हसत परत आले. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं. हद्द ओलांडली कशी म्हणून हवालदारानं दरडावलं. त्याच्याही खिशातून आपट्याचं पान डोकावत होतं, असं शंकरराव सांगत. तेव्हापासून त्यांनी शिलंगण सोडलं ते सोडलंच.

त्यांना नागरिकत्व मिळालं त्या दिवशी मी बरोबर होतो. लातूरला कलेक्टर कचेरीत शपथ होती. शंकररावांनी शपथ एवढ्या मोठ्यानं म्हटली की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. साहेब म्हणाले, बसा आता. हे म्हणाले, "थोडा वेळ उभा राहतो, साहेब. भारतीय म्हणून पहिल्यांदाच उभा हाय."

तो जो दाखला मिळाला त्याला ते सनद म्हणत. गावानं त्यांचं नाव सनदवाले पाडलं. भांडणात कुणी "पाकिस्तानात जा" म्हणालं तर ते चिडत नसत. शांतपणे म्हणत, "तू जन्मानं भारतीय. मी अर्जानं. तू फुकटात आलास, मला शिक्का मारून घेतलंय." ठाण्यात वर्षाला हजेरी द्यायची सवय एवढी मुरली होती की नागरिक झाल्यावरही ते त्या दिवशी जायचे. का, तर आता आपण यायची गरज उरली नाही हे सांगायला. हवालदार बदलत गेले, पण नानखटाईच्या ओढीनं कुणी त्यांना अडवलं नाही.

एक गोष्ट मात्र खरी. ते कधी खोटं बोलत नसत. कुणी उधारीवरून, निवडणुकीवरून, नात्यातल्या भानगडीवरून जरा फिरवून बोला म्हटलं की हात जोडत. "खोटं बोललो तर सनद जाईल." त्यांच्या लेखी तो कागद देवासारखा होता, आणि देव सगळं ऐकतो.

सनद कुठं ठेवली होती हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. कमलवहिनी शेजारच्या गावच्या, तोंडानं तिखट. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या जिवाला दोनच धन. एक ती सनद, मला दाखवत न्हाईत. दुसरी ती वाकळ, मला धुऊ देत न्हाईत."

वाकळ म्हणजे कराचीहून आणलेली गोधडी. शंकररावांच्या आईनं आणि अक्कानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, मिळून शिवलेली. आईची लुगडी, बापाचा बंदरावरचा खाकी सदरा, अक्काची शाळेतली ओढणी, असे थर. अक्का तिकडंच दिलेली, तिकडंच राहिली. शंकरराव ती वाकळ वळकटी करून सरहद्द ओलांडून आले. वहिनींनी वरून नवी ठिगळं लावलेली चालत. उन्हात टाकलेली चाले. पाण्याचं नाव काढलं की बेकरी सोडून धावत यायचे.

अक्काचा विषय ते क्वचित काढत. तिकडं जावंसं वाटतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जायला पासपोर्ट लागतो. आणि काढला की माणूस जातो. नकोच ते." पुढं मोबाइल आले. अक्काची नात तिकडून व्हिडिओ लावून देऊ लागली. बेकरीच्या मागच्या अंगाला पिठाच्या पोत्यावर बसून शंकरराव बोलत. बोलणं कसलं, ती म्हातारी बघायची आणि हे बघायचे. दोन वर्षांपूर्वी तिचं दुखणं वाढलं, अंथरूण धरलं. तेव्हा कुठं शंकररावांच्या तोंडून निघालं, "कंट्रोलरसाहेब, एकदा जाऊन येतो. ती जायच्या आत."

त्यांची लेक नांदेडला. तिच्याकडं जाऊन पासपोर्टचा अर्ज भरला. मूळ सनद घेऊन या असं उत्तर आलं. शंकरराव खुशीत गाडीत बसून परत आले. स्टँडवर मीच भेटलो. निवृत्त झालो तरी माझी बैठक तिथंच असते. म्हणाले, चला घरी, आज तुम्हाला सनदेची जागा दाखवतो.

ते दिवस घटस्थापनेच्या आधीचे. आमच्याकडं तेव्हा बायका दसरा काढतात. म्हणजे घरातली चिंधी न चिंधी बाहेर काढायची, वाकळा, सतरंज्या टमटममध्ये घालून नदीवर न्यायच्या, आपटून धुवायच्या, मगच घरात घट बसवायचा. कमलवहिनींना उभ्या संसारात पहिल्यांदाच दसरा काढायला मोकळं घर मिळालं होतं.

वाकळ कुंपणावर वाळत पडली होती. पांढरीशुभ्र नाही म्हणता येणार, पण तिचे मूळचे रंग पहिल्यांदाच दिसत होते. वहिनी फुशारकीनं म्हणाल्या, "बहिणीला भेटाया निघालाव, म्हटलं जाताना तरी स्वच्छ अंथरुणात निजा. काय मळ निघाला, बाई. तेरणा काळी झाली."

शंकरराव वाकळीपाशी गेले. त्यांनी दाभण मागितलं. एका कोपऱ्यातलं ठिगळ उसवलं. आत बोट घातलं. बाहेर आला तो भिजवलेल्या कुरडईसारखा एक गोळा. त्यात शिक्क्यातल्या सिंहाचं अर्धं तोंड तेवढं शाबूत होतं.

ते वाकळीत तोंड खुपसून रडले. माणसं जमली. हा किस्सा पुढं स्टँडवर रंगला, कागदासाठी माणूस लेकरागत रडला म्हणून. रंगवून सांगणाऱ्यांत मीही होतो. ते सांगणं चूक होतं. मी अजून आहे तोवर दुरुस्त झालेलं बरं, म्हणून हे लिहायलोय.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, कागद वाकळीत का शिवलात, कपाट नव्हतं का? डोळे पुसत म्हणाले, "कपाट कोण उचलतं हो? घर सोडायची पाळी आली की माणूस अंथरूण उचलतं."

मग सुरू झाल्या चकरा. पहिल्यांदा ठाण्यात, सनद हरवल्याची तक्रार द्यायला. तिथला पोलीस तरुण होता.

"कुठं हरवली?"

"हरवली न्हाई. धुतली."

"कुणी?"

"बायकोनं."

"मग बायकोवर तक्रार द्यायची का?"

शंकरराव विचारात पडले. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "द्या म्हणावं. आत तरी धुणं पडणार न्हाई."

पोलीस म्हणाला, हरवली एवढंच लिहा, काम सोपं होईल. नदीत वाहून गेली लिहा, असं मीही सुचवलं. शंकररावांनी हात जोडले. सनदेच्या बाबतीत खोटं लिहायचं नाही. शेवटी "पत्नीच्या हातून धुण्यात नष्ट झाली" असं लिहून त्यांनी सही केली. तो कागद वाचून पुढं प्रत्येक टेबलावरचा माणूस हसला. निदान कुणी विसरला नाही.

लातूरच्या कचेरीत एक बाई होत्या, वागायला चांगल्या. शंकररावांनी त्यांच्यापुढं आधार, मतदानाचं कार्ड, रेशनकार्ड, सगळा संसार मांडला.

"काका, हे तुम्ही इथं राहता याचे पुरावे झाले. नागरिक असल्याचे नाहीत. जन्म कराचीचा म्हणता ना?"

"तुमचं कशावरून म्हणायचं, बाई?"

"माझा जन्म इथला."

"जन्म तर माझाही झाला होता. जागा चुकली."

बाई हसल्या. म्हणाल्या, जुनं दप्तर शोधायला लावते, वरपर्यंत लिहावं लागेल, वेळ जाईल. शपथेच्या वेळी मी हजर होतो म्हणून माझंही प्रतिज्ञापत्र घेतलं. तिथल्या एकानं मला विचारलं, हे भारतीय आहेत असं तुम्ही कशावरून म्हणता? मी म्हणालो, दर निवडणुकीला ज्याला मत देतात, दुसऱ्या दिवसापासून त्यालाच शिव्या देतात.

पण ते महिने शंकररावांना जड गेले. कायदेशीर हा शब्द तोंडातून गेला. ठाण्याच्या हजेरीचा दिवस आला तर घरात बसून राहिले. म्हणाले, आता जाऊन काय सांगू? तिकडं अक्का उठून बसायची ती बसेनाशी झाली. ती विचारायची, कधी येतोस? हे म्हणायचे, कागद निघायलाय.

अशाच एका चकरेवरून आम्ही एसटीनं परत येत होतो. औसा मागं पडलं होतं. मी धीर द्यायला म्हणालो, सनद मिळेल हो, वाकळीवर रडण्याएवढं काही झालं नाही.

ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "सनदेसाठी कोण रडलं? सरकारच्या दप्तरात नाव हाय माझं. आज ना उद्या दुसरी देतील. त्या वाकळीला आमच्या घराचा वास होता, कंट्रोलरसाहेब. आईच्या लुगड्याचा, बाच्या घामाचा. खाऱ्या वाऱ्याचा. तेवढ्यासाठी तर कागद तिच्यात ठेवला. दोन्ही घरं एका जागी." मग म्हणाले, "कमलला हे सांगू नका. तिनं मायेनं धुतली."

मी नुसती मान हलवली. स्टँडवर उतरलो तेव्हा कुणीतरी नेहमीप्रमाणे हाक मारली, काय सनदवाले, वाळली का वाकळ? आणि आजवर मी त्या हाकेला हसत आलो होतो.

सनदेची दुसरी प्रत यंदा आली. मागोमाग पासपोर्टही आला. पण तोवर दोन्ही देशांनी एकमेकांना दारं लावून घेतली होती. व्हिसा सध्या कुणालाच नाही, कधी सुरू होईल तेही माहीत नाही. शंकररावांनी पासपोर्ट उघडून कोरी पानं चाळली आणि मिटला. म्हणाले, "हाय मात्र कायदेशीर."

दसऱ्याला मी सवयीनं बेकरीपाशी थांबलो. ते पायरीवर नव्हते. धुतलेला सदरा, टोपी घालून, वहिनींना घेऊन दारात उभे होते. "चला," म्हणाले.

आम्ही हळूहळू ओढा ओलांडला. आपट्याच्या झाडापाशी गर्दी होती. त्यांनी पानं तोडली, मला दिली, वहिनींना दिली. मग थोडं बाजूला, बांधावर बसून फोन लावला. तिकडून नातीनं पलंगाजवळ फोन धरला असावा. पांढऱ्या केसांची म्हातारी उशीवर दिसत होती.

"अक्का, सोनं घे," शंकरराव म्हणाले आणि पान पडद्याला लावलं. तिनं तिकडून हात वर केला, घेतल्यासारखा.

तिचा आवाज अगदी बारीक होता, पण आम्हा तिघांना ऐकू आला. "शंकऱ्या, ती वाकळ हाय का रे?"

"हाय की."

"धुतली तर न्हाईस ना?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना कुणी सांगितलं होतं की आपलं आपणच उमगलं होतं, मला माहीत नाही.

शंकरराव म्हणाले, "न्हाई, अक्का. तशीच हाय. आईनं दिली होती तशीच."