उजेडाला धरलेली पिल्लं

"अण्णा, वढू नका!" असं मी कुंपणावरून ओरडले, तोवर व्यंकटअण्णांनी तो दोरा वीतभर ओढलाही होता. पिल्लू किंचाळलं. एवढासा जीव एवढा मोठा आवाज काढू शकतो हे मला माहीत नव्हतं. दोरा गुलाबी होता, टॉवेलच्या काठाला असतो तसा, आणि तो पिल्लाच्या शेपटीखालून बाहेर आला होता. अण्णांनी त्याचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ते दुसऱ्यांदा ओढायच्या बेतात होते.

मी तशीच फाटकातून आत गेले आणि पिठाच्या हातानं त्यांच्या मनगटावर फटका मारला.

"आक्का, दोरा हाय नुसता. सुटतोय की!"

"सुटत न्हाय, आतडं कापतोय! सोडा आदी!"

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, शेळ्या-मेंढ्यांचं घर. लहानपणी आमच्या एका शेळीनं सुतळी गिळली होती आणि माझ्या चुलत्यानं असंच मागून टोक धरून ओढलं होतं. शेळी दिवस मावळायच्या आत गेली. त्यामुळे दोरा ओढायचा नाही, एवढं एक मला पक्कं ठाऊक होतं. त्यापुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं, कारण त्यापुढे आम्ही ती शेळी खाल्ली होती.

"मग काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"रिक्षा बोलवा," मी म्हटलं.

अण्णांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. पण विणकराला सैल दोरा दिसला की त्याचा हात आपोआप जातो. तो विचार करून जात नाही. अण्णांचा सगळा जन्म असाच गेला आहे.

आमच्या गल्लीत तेलुगू घर हे एकच. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला आक्का म्हणतात. दोघांत मोठं कोण, हे काढायची दोघांचीही तयारी नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ते माग चालवायचे. गुडघे गेल्यावर मालकानं त्यांना माल तपासायला बसवलं. टॉवेल हातात आला की अण्णा तो खिडकीच्या उजेडाला धरायचे आणि सांगायचे, फस्ट, नाहीतर सेकंड. फस्ट माल परदेशी जायचा. सेकंड आपल्यासारख्यांचं अंग पुसायचा.

पुढे कारखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. भाजीवाल्याच्या हातगाडीवरची मेथी उजेडाला धरायची, माझा पापड उजेडाला धरायचा. स्वतःच्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचा फोटोसुद्धा त्यांनी दारात नेऊन उजेडाला धरला होता. "आदी उजेडाला धरा, मग बोला," हे त्यांचं बोलणं. माणसांनाही तेच माप. आमचा नगरसेवक सेकंड. रिक्षावाला सेकंड. माझ्या थोरल्या मुलाला त्यांनी एकदा तोंडावर सेकंड म्हटलं. मला राग आला नाही. तो आहेच.

माझ्या नातवाच्या लग्नात त्यांनी कमाल केली. व्याह्यांनी मानाच्या माणसांना टोपी-टॉवेलचा आहेर केला. लोक काय करतात? टॉवेल खांद्यावर टाकतात, हात जोडतात आणि पंगतीकडे पळतात. अण्णांनी टॉवेल उलगडला, मांडवातल्या मोठ्या दिव्यासमोर धरला, आणि नेमके माइकजवळ उभे असल्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "सेकंड हाय. काठाच्या तीन तारा तुटल्यात." व्याही तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्याचा मला त्रास झालेला नाही.

एक मात्र खरं. टॉवेल मी नंतर बघितला, तारा तीनच तुटल्या होत्या. मालात खोट असली तर अण्णा देवाला भिणार नाहीत, आणि नसली तर मालकानं सांगितलं तरी काढणार नाहीत.

त्यांची बायको पद्माक्का दारात बसून विड्या वळायची. "मला बी एकदा उजेडाला धरा की," असं ती आमच्यासमोर त्यांना चिडवायची, आणि अण्णा चप्पल शोधायला लागायचे. ती गेली. मुलगा संतोष पुण्याला कंपनीत आहे. सूनबाई मराठी, म्हणून तो बापाशीही फोनवर मराठीतच बोलतो. त्या दोघांनी हौसेनं ब्राउनी नावाची कुत्री घेतली होती, लॅब्राडोर, बिस्किटाच्या रंगाची. घरात बाळ आल्यावर हौस मावेना, म्हणून कुत्री अण्णांकडे आणून सोडली. "थोडे दिवस सांभाळा," म्हणाला. जाताना बजावून गेला की तिला बाहेर सोडायचं नाही, तिच्यासाठी पुण्यात चांगल्या घराण्यातला नवरा बघून ठेवला आहे.

अण्णांनी राखण चांगली केली. पण आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ते आलं की गल्लीत कुणी कुणाचं नसतं. बायका घागरी घेऊन, पुरुष पाइप घेऊन धावतात. त्या वेळात कुणी अख्खं घर उचलून नेलं तरी बॅरल भरेपर्यंत कळायचं नाही. अण्णा बॅरल भरत होते आणि फाटक उघडं होतं. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानापुढे एक काळा, एका कानाचा कुत्रा बसून असतो. त्याला पाणी भरायचं नव्हतं.

पुढे ब्राउनीचं पोट दिसायला लागलं आणि संतोषचा फोन आला. अण्णा फोन लांब धरून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"अण्णा, तुम्हाला एकच काम सांगितलं होतं!"

"पाणी आलं होतं, बाबा."

पिल्लं पाच झाली. एक पहिल्याच आठवड्यात गेलं. राहिलेली चार एकमेकांचीही वाटत नव्हती. एक काळं, एक बिस्किटाच्या रंगाचं, एक दोन्ही रंग वाटून घेतलेलं. चौथी कुत्री होती. अंगानं लॅब्राडोर, पायानं आखूड आणि तोंडावर असा भाव की आत्ताच कुणीतरी तिचा अपमान केला आहे. डोळे उघडल्यावर अण्णांनी एकेकाला मानगुटीला धरून खिडकीपाशी नेलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, पोट बघितलं. पिल्लू मुतलं तरी तपासणी पुरी केली. "फस्ट. फस्ट. ह्ये पण फस्ट." चौथीपाशी ते बराच वेळ थांबले. "सेकंड," म्हणाले आणि तिला सदऱ्यात घालून चहा करायला गेले.

संतोषचा हुकूम होता, सगळी पिल्लं वाटून टाका, मग मी येऊन ब्राउनीला घेऊन जातो. अण्णा वाटायला बसले. आता, वाटणारा माणूस पिल्लाचे गुण सांगतो. अण्णा आधी खोट सांगायचे. "शेपूट वाकडं हाय, आदीच सांगतो. नंतर तक्रार चालणार न्हाय." आलेली माणसं बिचकायची. तरी पहिली तीन गेली. एक चहाच्या गाड्यावर, एक चिंचोळीच्या कारखान्यातल्या वॉचमनकडे, एक पाहुण्यांच्या मळ्यात.

चौथी काही खपेना. तिच्या खोटी ऐकता ऐकता चहा गार व्हायचा. "हिला ऐकू येत न्हाय. मागचा पाय अधू हाय. फिट येते, तोंडाला फेस येतो." एक मास्तरीणबाई दोनदा आल्या, त्यांना पिल्लू आवडलं होतं. दुसऱ्या वेळी अण्णांनी फेस किती येतो ते हातानं दाखवलं. बाई परत आल्या नाहीत. फिट आलेली मी कधी बघितली नव्हती, पण मी दिवसभर कुंपणाशी उभी नसते. अण्णा सांगतात म्हणजे असणार.

संतोष रविवारी येणार होता. ब्राउनी जाणार हे ठरलेलं होतं. हे आखूड पायांचं मेलं असतं, तर त्या घरात अण्णा आणि पाण्याचे बॅरल एवढेच उरले असते.

आणि तिला मरणाच्या दारात बसवलं कुणी? अण्णांनीच. पिल्लांना थंडी वाजते म्हणून ते जुन्या कारखान्यातून सुताच्या वेस्टचं पोतं सायकलवर घालून घेऊन आले. मागावर तुटलेले, गुंतलेले दोरे, सगळे रंग एकत्र. "असली गादी राजाला मिळत न्हाय," म्हणाले. पिल्लांना दात आले. तिघं गेली, चौथी गादीवर एकटी राहिली, आणि एकटं पोर जे हाताला लागेल ते तोंडात घालतं.

रिक्षात अण्णांनी तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि ते तिच्याशी तेलुगूत बोलत होते. "एम् कादु, तल्ली, एम् कादु." एवढ्या वर्षांच्या शेजारात मला तेवढं कळतं. काही होत नाही, आई, काही होत नाही. पद्माक्का गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून तेलुगू ऐकलं नव्हतं. रिक्षावाला खड्ड्यातून गेला तेव्हा मात्र त्यांनी त्याला मराठीत झापलं.

जनावरांची डॉक्टरीण तरुण पोरगी होती. तिनं पिल्लाची जीभ वर करून बघितली, पोट दाबून बघितलं, बाहेरचा दोरा कात्रीनं कापला.

"ओढला का कुणी?"

दोरा गुंडाळलेलं बोट अण्णांनी मुठीत लपवलं.

"वढला," मी म्हटलं. "वीतभर."

"अजून ओढला असता तर मला काही कामच राहिलं नसतं, आजोबा."

पोटाचा फोटो काढला. काळी फिल्म आल्याबरोबर अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उजेडाला धरली. आम्ही दोघी बघत राहिलो. आतडं चुण्या पडून गोळा झालं होतं, नाडी ओढल्यावर चड्डी होते तसं. ते मलाही दिसलं. अण्णांनी खूप वेळ बघितलं आणि फिल्म परत दिली. फस्ट नाही, सेकंड नाही, काहीच बोलले नाहीत.

"पोट उघडावं लागेल, आत्ताच," डॉक्टरीण म्हणाली. "आधी काही आजार होता हिला?"

अण्णा पिल्लाचं अंग पुसायला लागले, म्हणून मीच सांगितलं. "बहिरी हाय. मागच्या पायानं अधू हाय. आन् फिट येते, फेस येतो तोंडाला."

तिनं भरलेली सुई खाली ठेवली. "फिट येते? मग हे औषध नाही चालणार. किती वेळा येते? नीट सांगा, भूल द्यायची आहे मला."

"न्हाय येत," अण्णा म्हणाले.

"ह्या तर म्हणतात—"

"न्हाय येत फिट. ऐकू येतं. पाय बी चांगला हाय. हिला काय सुदिक झालेलं न्हाय कदी."

"अवो अण्णा," मी म्हटलं, "सगळ्या गल्लीला तुमीच सांगितलंत की! त्या मास्तरीणबाईला तर फेस करून दावला!"

अण्णा टेबलाच्या कडेकडे बघत होते. कडेचा पत्रा थोडा उचकटला होता, तो ते अंगठ्यानं दाबत होते.

"तसं सांगितलं नसतं तर नेली असती की, आक्का, कुणीतरी."

माझ्या तोंडाला हाड नाही असं आमच्या सुना म्हणतात. पण तेव्हा मी भिंतीवरचा गाईच्या खुरांच्या रोगाचा तक्ता वाचायला लागले. डॉक्टरिणीनं सुई उचलली आणि पिल्लू आत नेलं.

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघं. शेजारी एक माणूस मांडीवर कोंबडा घेऊन बसला होता. कोंबडा आमच्यापेक्षा शांत होता.

"मेलं तर मेलं, अण्णा," मी म्हटलं. "कुत्र्याचं पिल्लू हाय. जिवाला लावून घिऊ नका."

"व्हय."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "रविवारी संतोष येतोय. ब्राउनीला नेतो म्हणला. तुमी बी चला, असं न्हाय म्हणला."

"त्याचा फ्लॅट केवढा? तुमाला कुटं ठिवणार?"

"ल्हान हाय फ्लॅट," अण्णा लगेच म्हणाले. "लई ल्हान हाय."

मग आम्ही कोंबड्याकडे बघत बसलो.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचं ताट होतं आणि ताटात गुलाबी, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. आतडं एका जागी कापलं गेलं होतं, ते शिवलं म्हणाली. "जिथं ओढला तिथंच," हेही म्हणाली. म्हणायलाच पाहिजे होतं. अण्णांनी मान हलवली. आता उद्या पाणी पिते का बघायचं, पोटात ठरलं तर पुढचं बोलू, म्हणाली.

घरी आल्यावर अण्णांनी पोतंभर सूत अंगणात जाळलं. गल्लीत खूप धूर झाला. लोकांनी शिव्या दिल्या, मीही दिल्या. पिल्लाखाली त्यांनी स्वतःचं धोतर घातलं. दुसऱ्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं. सगळी गल्ली धावत होती आणि अण्णा बाहेर आले नाहीत. त्यांचा बॅरल मी भरला. आत डोकावले तर ते जमिनीवर पालथे पडून पिल्लापुढे वाटी धरून होते, आणि पिल्लू वाटीकडे बघत नव्हतं.

"दम धरा," मी म्हटलं.

"धरलाय," अण्णा म्हणाले.

रविवारी संतोष गाडी घेऊन आला. ब्राउनी उडी मारून आत बसली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली, दुसऱ्या बाजूच्या. संतोषनं पिल्लाचं पोट, टाके, खाली पसरलेलं धोतर बघितलं आणि म्हणाला, "हे एक कशाला ठेवलंत, अण्णा? तुमच्यानं होणार आहे का हे आता?" अण्णांनी त्याच्या डिकीत शेंगाचटणीची पिशवी ठेवली आणि गाडी वळेपर्यंत फाटक धरून उभे राहिले.

चहाच्या गाड्यावरचं पिल्लू पुढं ट्रकखाली गेलं. वॉचमननं आपलं कुणाला तरी देऊन टाकलं. मळ्यातल्याचं काय झालं ते कळलं नाही. पोट शिवलेली ती एक जगली.