आत्या सरळ चालायला शिकते

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला एकटं राहायचं असेल, तर ती धड चालते की नाही हे सरकारला ठाऊक असायला हवं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. आत्याचंही नव्हतं. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, भाजी स्वतः आणायची आणि जिन्यात जो भेटेल त्याच्या पिशव्याही वर पोचवायची. त्यामुळे हालचाल-क्षमता मापन केंद्राचं बोलावणं आलं तेव्हा इस्त्रीचे कपडे घालून ती लग्नाला निघाल्यासारखी निघाली. भाचा गाडीने घेऊन गेला. नापास होणाऱ्याने घराची किल्ली जवळच्या नातेवाइकाकडे सोपवायची, असा नियम होता. पण नियम दुसऱ्यांसाठी असतात असं दोघांनाही वाटत होतं.

चाचणी अगदी सोपी. हातांची घडी घालून खुर्चीतून उठायचं, पिवळ्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. मापन अधिकाऱ्याने घड्याळाचं बटण दाबलं. आत्या टुणकन उठली, झपाझपा निघाली आणि मधेच खाली वाकली. पंख्याची वायर वाटेत आडवी पडली होती. तिने ती गुंडाळून भिंतीकडेला सारली.

"आजी, हे काय चाललंय?"

"अहो, कुणीतरी अडखळून पडेल ना!"

"पडण्याचा धोका मोजणं हे केंद्राचं काम आहे. तो तुम्ही परस्पर कमी करू शकत नाही."

मोठ्या मनाने दुसरी संधी देण्यात आली. या वेळी रांगेतल्या एका आजोबांच्या हातून काठी निसटली. आत्याने धावत जाऊन ती उचलून दिली, त्यांच्या गुडघ्याची विचारपूस केली, सुनेचीही केली, आणि मग पट्टीला पाय लावून परत आली.

"तुम्ही धावलात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो, धावले की!"

"धावण्याचा रकाना नाही. तो वेळ आम्ही मंद चालण्यात धरतो."

निकाल हातात पडला. 'चाल अतिशय संथ व दिशाहीन. एकटीने जिना चढण्यास अपात्र.' किल्ली भाच्याकडे गेली. भाचा पंचेचाळिशीचा असल्याने त्याला चालता येतं हे गृहीत धरण्यात आलं.

नियमानुसार सकाळ-संध्याकाळ भाच्याने येऊन दार उघडायचं आणि हात धरून आत्याला जिन्यावरून न्यायचं-आणायचं. भाचा लिफ्टच्या घरात राहणारा, लिफ्टच्या ऑफिसात बसणारा. पहिल्या मजल्यावर त्याला धाप लागायची, दुसऱ्यावर तो देवाला आणि सरकारला एकाच दमात हाका मारायचा, आणि तिथून पुढे आत्या त्याला दंडाला धरून ओढत वर आणायची. शेजारपाजारचे दारात उभे राहून म्हणायचे, "हल्ली कोण करतं हो आत्याचं एवढं!" उत्तर द्यायला त्याच्यात त्राण नसायचं, म्हणून तो नम्रपणे मान हलवायचा.

"आत्या, तुला पास व्हावंच लागेल," एका संध्याकाळी तो पायरीवर बसून म्हणाला. "नाहीतर तुझ्या आधी मीच जाईन."

"मला माझी किल्ली हवीय रे," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "स्वतःच्याच दारापुढे परक्यासारखी ताटकळत उभी असते मी."

गावात एव्हाना चाल-सुधार वर्ग निघालेच होते. एका निवृत्त कवायत मास्तरांनी आत्याची चाल बघितली आणि निदान केलं. "पाय उत्तम आहेत. लक्ष फार आहे. ते काढावं लागेल."

मग तालीम सुरू झाली. आत्या चालत असताना मास्तरांचे मदतनीस मुद्दाम पिशव्या सांडायचे, बादल्या लवंडायचे, 'मेलो मेलो' म्हणून भुईवर लोळायचे. आत्या "अगंबाई!" म्हणून वळली की मास्तर शिट्टी फुंकायचे. घरचा अभ्यास वेगळाच. गॅसवर दूध उतू जात असताना स्वयंपाकघरातून शांतपणे फेरी मारून यायचं. पहिल्या आठवड्यात आत्या रडली. दुसऱ्या आठवड्यात दूध उतू गेलं आणि ती नुसतीच चालत राहिली. मास्तरांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

फेरचाचणीचा दिवस उजाडला. आत्याने हातांची घडी घातली, अधिकाऱ्याने बटण दाबलं आणि पट्टी नीट दिसावी म्हणून तो जरा पुढे वाकला. त्याची चाकाची खुर्ची मागच्या मागे सटकली आणि साहेब धप्पकन फरशीवर आडवे झाले, थेट आत्याच्या वाटेत. घड्याळ मात्र त्यांनी हात उंच करून वाचवलं.

आत्याच्या हातांची घडी सुटता सुटता राहिली. तिने स्वतःचं दार डोळ्यांपुढे आणलं, साहेबांना वळसा घातला, पट्टीला पाय लावला, येताना पुन्हा वळसा घातला आणि खुर्चीत बसली.

"उत्कृष्ट!" फरशीवरून आवाज आला. "आई गं! पूर्णतः सक्षम!"

"साहेब, आता तरी हात देते हं..."

"बसा! उठलात की घड्याळ पुन्हा सुरू होतं!"

आत्या बसली. रांगेतले बाकीचे सगळे मास्तरांच्याच वर्गातले होते. नाव पुकारलं की एकेक जण उठत होता, साहेबांना सफाईने वळसा घालून येत होता, आणि साहेब कण्हत कण्हत त्याला पास करत होते. केंद्राचा निकाल शंभर टक्के लागला.

भाच्याने किल्ली आत्याच्या तळहातावर ठेवली. तिने ती मुठीत गच्च आवळली. फाटकाशी एका बाईची पिशवी फाटून कांदे रस्ताभर घरंगळले होते. आत्या एकाही कांद्याला पाय न लावता पार झाली.

"आत्या, अगं, तुला दिसले नाहीत का?" भाचा थबकून म्हणाला.

"दिसले रे," आत्या म्हणाली. "आता नुसतंच दिसतं."

साहेब अजून तिथेच फरशीवर आहेत. तुम्हीही त्यांना पडताना पाहिलंत, खुदकन हसलात आणि पुढच्या ओळीकडे निघालात. उचललं का कुणी त्यांना, हे विचारायला क्षणभरही रेंगाळला नाहीत. अभिनंदन! तुमची चाल उत्तम आहे.