उघडे राहिलेले दोन खिसे

"माझ्या हातची शिवण उसवली असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं टेलरकाका रोज एकदा तरी म्हणत. बायको गेल्यापासून दोनदा म्हणत, कारण "पुरे आता!" म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

खाली दुकान, वर घर आणि घरात सोळा वर्षांची लेक. ती कायम पळतच असायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण हल्ली भिंगरी अर्ध्या जिन्यात थांबून धापा टाकू लागली होती. असंच एकदा तिच्या शाळेच्या स्कर्टची उंची वाढवताना काकांच्या हाताला खिशात बोटाएवढी नळी लागली. वर स्ट्रॉबेरीचा वास! काका तडक शेजारच्या मोबाइलवाल्याकडे गेले.

"काका, ही व्हेप! वाफ ओढायची. वाफेबरोबर निकोटीन छातीत."

"म्हणजे विडीच की!"

"विडीची शिकलेली बहीण म्हणा."

घरातलं एक माणूस गेलं, आता उरलेल्या एकाची छाती भात्यासारखी वाजायची? रागवावं, तर पोरगी तोंड शिवून बसणार. समजवावं, तर ते खातं बायकोचं होतं. काकांना येत होतं एकच काम. त्यांनी नळी फेकून दिली आणि मशीनवर बसले. खिसाच नसेल तर ठेवेल कुठे?

संध्याकाळपर्यंत भिंगरीचे सगळे खिसे बंद!

"बाबा, रुमाल कुठे ठेवू?"

"हातात!"

"आणि बसचा पास?"

"दुसऱ्या हातात!"

"मग दप्तर?"

"पाठ कशाला दिलीय देवाने!"

"आणि तुमचा खिसा?"

"त्यात माझी तंबाखूची डबी असते. मोठ्या माणसांचं वेगळं असतं!"

एवढ्यावर थांबले असते तर ते टेलरकाका कसले! शनिवारी मुख्याध्यापिकाबाई कोटाचं अस्तर बदलायला आल्या, तेव्हा काकांनी आपला शोध त्यांच्या कानावर घातला. बाईंचे डोळे चमकले. "टेलर, तुम्ही शिक्षणमंत्री व्हायला हवे होतात!" रविवारी सकाळी सगळ्या शाळेचे गणवेश दुकानात येऊन पडले. काका असे सुटले की समोर खिसा दिसला की शिवला! त्या भरात बाईंचा कोटही सुईखालून गेला.

सोमवारी अख्खी शाळा रस्त्यावर. शाळेची किल्ली सापडेना! शनिवारी बाई कुलूप लावून, किल्लीसकट कोट टाकून गेल्या होत्या. मुलांनी पेनं दातात धरली होती, त्यामुळे हजेरीला "हजर" ऐवजी नुसतं "ह्म्फ" ऐकू येत होतं.

"बाई, खुळखुळ तुमच्यातूनच येतेय!" शिपाई म्हणाला.

"मी काय गळ्यात घुंगरू बांधलेली गाय आहे?"

खेळाच्या सरांनी खात्री करायला बाईंना उड्या मारायला लावल्या. कोट वाजतोय, पण किल्ली निघत नाही! शेवटी काकांनाच बोलावणं गेलं. त्यांनी शिवण कापली, किल्ली निघाली आणि बाई गरजल्या, "सगळे खिसे होते तसे करून द्या!"

संध्याकाळी घरोघरचे गणवेश गोळा करून काका त्यांचा डोंगर घेऊन घरी आले. जिन्यातच स्ट्रॉबेरीचा वास! काकांनी डोंगर तिथेच टाकला. ते दाराआड टांगलेल्या बायकोच्या तपकिरी कोटाकडे गेले. कोणी बघत नसलं की त्या खिशात थोडा वेळ हात घालून उभं राहायची त्यांना सवय होती. आत तिचा रुमाल असायचा. आज रुमालाशेजारी नळी होती. नवी!

मागे भिंगरी उभी.

"इथे ठेवलीस?" काकांनी नळी वर धरली.

"घरात दोनच खिसे उघडे होते बाबा. आईचा आणि तुमचा. तुमच्यात डबी होती, जागा नव्हती."

काकांचा हात आपल्या डबीवर गेला.

"मला सोडायचंय हो," ती रडायलाच लागली. "पण तलफ आली की हात थांबत नाहीत."

काकांनी टाके उसवायचं हत्यार तिच्या हातात दिलं. "मग हात कामाला लाव. ढीग पडलाय बघ!"

दुसऱ्या दिवशी ते तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. आणि मला भेटत राहायचं." भिंगरी लाट आली की खिसा उसवायला बसे. खिसा उघडेपर्यंत लाट गेलेली असे. गणवेश संपले, लाटा संपेनात! मग काका गुपचूप गिऱ्हाइकांचे खिसे शिवून तिच्यापुढे टाकू लागले.

आणि एके दिवशी भिंगरी धाडधाड जिना चढून आली, न थांबता! "बाबा, डॉक्टर म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा आलं तरी चालेल!"

काकांचे डोळे भरले. रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला. बोटं टाक्यांवर आपटली. आत डबी खडखडली.

"भिंगरे! हा उसवायचा राहिला वाटतं!"

"राहिला नाही, मी शिवलाय. बारीक टाके घातलेत, तुमच्यासारखे."

"हत्यार कुठाय?"

"आईच्या कोटात."

काका कोटापर्यंत गेले, खिशात हात घातला, बराच वेळ उभे राहिले आणि हत्यार तिथेच ठेवून परत आले.

दुसऱ्या दिवशी बँकेतला कॅशियर नवी पँट हातात घेऊन तणतणत आला. "टेलरकाका, चारही खिसे बंद! ही काय थट्टा आहे?"

"ओरडू नका साहेब," काका घाम पुसत म्हणाले. "बसा जरा. सकाळपासून तिसरी लाट आहे. आत्ता उसवून देतो!"