तपशील अन्यत्र पाहावा

मी संदर्भकाका. वय चौऱ्याहत्तर पूर्ण, पंचाहत्तरावे चालू. (या दोहोंत सुशिक्षित माणसेही गल्लत करतात, म्हणून स्पष्ट केले.) शाळेने मला आठवीनंतर सोडले, वाचनालयाने मात्र अद्याप सोडलेले नाही. जे काही शिकलो ते स्वतः वाचून, आणि जे वाचले ते तळटीपांसह. नोकरीचा सारा काळ एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात गेला. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, गेलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा आणि एकावर दुसऱ्याचा संदर्भ लिहायचा, हे माझे काम. ते मी इतक्या निष्ठेने केले की, निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या पुष्पगुच्छावरही आवक क्रमांक टाकला, असे माझी पत्नी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. (ही अतिशयोक्ती आहे. क्रमांक गुच्छावर नव्हे, सोबतच्या कार्डावर टाकला होता.)

प्रस्तुत प्रकरणाचा आरंभ पत्नीच्या चष्म्यापासून झाला. चष्मा दुकानात तयार होऊन पडला होता आणि तो आणण्याची चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशातून थेट धुण्यात गेली होती.

“बाबा, फोनमध्ये टाकत जा ना असल्या गोष्टी,” कन्या म्हणाली. “तुम्हाला दिलाय तो काय शोकेसमध्ये ठेवायला?”

“कागद विश्वासू असतो,” मी म्हणालो.

“असतो ना. पण धुतला जातो.”

या युक्तिवादात तथ्य होते, हे मी दोन दिवसांनी मनातल्या मनात मान्य केले. कागदाला स्मरण असते पण वाचा नसते. फोनला वाचा असते पण प्रतिष्ठा नसते. तेव्हा दोहोंचा संयोग करावा, असे मी ठरवले. निर्णय लहानसाच होता. पुढे तो किती वाढणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

पद्धत अशी: प्रत्येक कामाची एक क्रमांकित चिठ्ठी दिवाणखान्यातल्या लाकडी ट्रेमध्ये राहील आणि त्याच क्रमांकाची आठवण फोनमध्ये. काम ज्या दिवशी असेल त्या सकाळी फोन तो क्रमांक मोठ्याने पुकारील. फोनमध्ये भरलेला यांत्रिक आवाज मला पसंत नव्हता. उच्चार सदोष होते. म्हणून प्रत्येक क्रमांक मी स्वतःच्या आवाजात, कार्यालयीन खणखणीतपणे, ध्वनिमुद्रित केला. ‘झाले’ हे बटण दाबेपर्यंत तो आवाज दर अर्ध्या तासाने येत राही. आणि काम न करता ‘झाले’ म्हणणे म्हणजे खोटा अभिलेख. ते माझ्याकडून होणे नाही.

आता मुख्य तत्त्व सांगतो, कारण पुढचा सारा घोळ त्यातूनच झाला. द्विरुक्ती हा लेखनातला दोष आहे. एकच मजकूर चिठ्ठीवरही आणि फोनमध्येही लिहिणे मला सहन होईना. म्हणून तपशील एका ठिकाणी लिहायचा आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ संदर्भ द्यायचा, असा नियम मी केला. मूळ कागद किंवा मूळ संदेश नोंद होताच निकाली काढायचा.

“म्हणजे फेकायचा?” पत्नीने विचारले.

“निकाली काढायचा.”

“बरं, निकाली फेकायचा,” ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

पहिली अडचण न्हाव्याच्या दुकानात आली. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर साबण होता, आणि खिशातून माझा आवाज गरजला, “क्रमांक नऊ!”

न्हावी दचकला. नशिबाने वस्तरा हवेत होता. “नऊ म्हणजे काय हो, काका?”

“ते घरी जाऊन चिठ्ठी पाहिल्याशिवाय कळणार नाही.”

“मग पुरती करून जा की.”

“काम तातडीचे असले तर?” असे म्हणून मी तसाच उठलो. अर्ध्या गल्लीने मला एका गालावर फेस घेऊन जाताना पाहिले. घरी येऊन ट्रेमधून नवव्या क्रमांकाची चिठ्ठी काढली. तिच्यावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘दाढी करवून घेणे.’

“झालं का काम?” आतून पत्नीने विचारले.

“अर्धे,” मी म्हणालो. (हे उत्तर तंतोतंत खरे होते.)

याच सुमारास पत्नीने मोटार चालवायला शिकण्याचे मनावर घेतले होते. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. गुडघ्यांमुळे ताईंना घराबाहेर पडता येत नाही, आणि तिकडे जाणारी बस केव्हाच बंद झाली. आमच्या दारात जुनी मोटार आहे, पण ती जावईबापू चालवणार, आणि जावईबापू ‘पुढच्या रविवारी’ येणार.

“मला पुढचा रविवार नको,” एके दिवशी पत्नी म्हणाली. “ताई आज एकटी बसलीये. मला आजचा मंगळवार हवा.”

तिने शिकवणी लावली. शिकवणारे मास्तर लवंग चघळणारे, अत्यंत शांत गृहस्थ होते. मोटार विजेच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली तरी केवळ “हं” म्हणत. मीही पत्नीला मोटार मागे घेण्याचे शास्त्र पुस्तकातून वाचून दाखवीत असे. (मला स्वतःला चालवता येत नाही. पण पोहण्यावरही मी बरेच वाचले आहे.)

अखेर माझ्या फोनवर परीक्षेचा संदेश आला. तारीख, वेळ आणि मैदान. शहरात अशी मैदाने दोन आहेत. शिकाऊ परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ही परीक्षा हुकली असती, तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

“मला लक्षात राहील,” ती म्हणाली.

“लक्षात राहणे ही पद्धत नव्हे. हे माझ्याकडे सोपव.”

मी चिठ्ठी घेतली, वर ‘क्रमांक एकतीस’ घातले, खाली लिहिले, ‘परीक्षा. तपशील फोनमध्ये पाहावा.’ एवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दूध उतू गेले होते. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन फोन हाती घेतला. चिठ्ठी लिहून झाल्याचे समाधान मनात ताजे होते. म्हणून फोनमध्ये तारीख लावली आणि नोंद केली, ‘तपशील चिठ्ठीवर पाहावा.’ मूळ संदेश निकाली काढला. मग फोनमधली कचरापेटीही रिकामी केली. तिथे घाण साचू देणे मला आवडत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन गरजला, “क्रमांक एकतीस!” मी चिठ्ठी उघडली. चिठ्ठीने मला फोनकडे पाठवले. फोनने चिठ्ठीकडे पाठवले. पुन्हा चिठ्ठी पाहिली; उलटी करून पाहिली; उजेडासमोर धरली. आवक-जावक विभागात एवढा काळ काढूनही दोन कागद एकमेकांकडे बोट दाखवून असे स्वस्थ बसलेले मी पाहिले नव्हते. (पाहिले होते, पण तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस मी नसे.)

“अहो,” पत्नीने केस विंचरता विंचरता विचारले, “किती वाजता निघायचं?”

“यथावकाश.”

“बरं,” ती म्हणाली.

मी गच्चीत जाऊन कन्येला फोन केला.

“बाबा, मेसेज असेल ना. तो बघा.”

“तो निकाली काढला.”

“म्हणजे डिलीट? का? फोनमध्ये जागा नव्हती का?”

“जागा होती. शिस्त नव्हती.”

“आईला सांगितलंत?”

“अद्याप नाही.”

“सांगूच नका. नाहीतर आधी सांगा. मला कळत नाहीये, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे!”

मास्तरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तेव्हा परवाना कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष चौकशी करावी, असे मी ठरवले. पत्नीच्या सर्व कागदांची फाईल काखेत मारली, “जरा वाचनालयात जाऊन येतो” असे सांगितले आणि निघालो. (एकेचाळीस वर्षांच्या संसारात वाचनालयाचे नाव मी खोटे घेतले ते हे पहिल्यांदाच. वाचनालयाची मी मनोमन क्षमा मागितली.)

खिडकीतला कारकून पेन झटकत होता. “बोला, आजोबा.”

“आजच्या वाहन परीक्षेची वेळ व स्थळ कळावे.”

“मेसेजमध्ये असेल.”

“संदेश उपलब्ध नाही.”

“अर्ज नंबर?”

“तो चौदाव्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर आहे.”

“आणि चिठ्ठी?”

“घरी.”

त्याने माझ्याकडे त्या नजरेने पाहिले, ज्या नजरेने मी आयुष्यभर लोकांकडे पाहत आलो. मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, “आजोबा, एक काम करा. पुढच्या वेळी कुठेतरी लिहून ठेवत जा.”

तेवढ्यात फोन वाजला. पत्नी होती.

“अहो, कुठे आहात?”

“वाचनालयात.”

“मग मागे ‘पुढचा नंबर’ म्हणून कोण ओरडतंय? असू दे. मी स्टेडियममागच्या मैदानावर आलेय. मास्तर घेऊन आले.”

“तुला… तुला वेळ कशी कळली?”

“मेसेज मी वाचला होता की. तुम्ही दूध पुसत होतात तेव्हा. पण इथे मूळ शिकाऊ परवाना मागताहेत, आणि कपाटात तुमची फाईल नाही.”

फाईल माझ्या काखेत होती.

मी धावलो. या वयात धावणे म्हणजे वेगाने चिंता करणे. पाय आपल्या गतीनेच पडतात. पुढच्या चौकात रिक्षा मिळाली. मैदानाच्या फाटकाशी उतरलो तेव्हा पत्नी मोटारीला टेकून उभी होती, पदर खोचलेला, चष्मा नाकावर. (चष्मा शेवटी तिनेच जाऊन आणला होता.) मास्तर शेजारी लवंग चघळत होते.

“माझा नंबर होऊन गेला,” ती म्हणाली. आवाज शांत होता, पण हातातला रुमाल तिने पिळून दोरीसारखा केला होता. “साहेब म्हणतात, आता वेळ उरला तर बघू. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.”

ती मला एक शब्दही टाकून बोलली नाही. टाकून बोलली असती तर बरे वाटले असते.

मी परवाना परीक्षकांपुढे धरला. “आता कसं शक्य आहे?” ते म्हणाले. “तीस नंबर चालू आहे, अजून इतके जण उभे आहेत, आणि—”

“क्रमांक एकतीस!” माझ्या खिशातून माझाच आवाज मैदानभर घुमला.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या निळ्या मोटारीतल्या तरुणाचा क्रमांक एकतीस होता. बिचारा सकाळपासून घाबरलेला. पुकारा ऐकताच त्याने मोटार पुढे दामटली, तीस क्रमांकाला आडवा गेला, आणि वळणावर मांडलेले सारे प्लास्टिकचे शंकू झोपवून कुंपणापाशी थांबला.

“कोणी पुकारलं?” परीक्षक ओरडले. “नंबर कोणी पुकारला?”

“यंत्राने,” मी म्हणालो.

दुर्दैवाने आवाज तोच होता. सारे मैदान माझ्याकडे पाहू लागले.

परीक्षक पत्नीकडे वळले. “हे तुमचे कोण?”

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. “ओळखीचे आहेत,” ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, “हं.”

परीक्षकांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तीस क्रमांकवाल्या बाई उतरून पाणी पीत होत्या. निळ्या मोटारीतला तरुण काच खाली करून म्हणाला, “साहेब, मला शेवटी घ्या. आत्ता नको.” शंकू पुन्हा मांडले गेले. परीक्षकांनी घड्याळ पाहिले. “आजी, तुम्ही तयार आहात?”

“सकाळपासून,” पत्नी म्हणाली.

ती बसली. मोटार वळणातून गेली, चढावर थांबली, थांबून पुन्हा सुटली, आणि शेवटी दोन शंकूंच्या मधोमध अशी मागे सरकली, जणू ती मोटार तिथेच वाढली होती. मी फाईल छातीशी धरून उभा होतो. परीक्षकांनी कागदावर सही केली.

“मागे घेताना मी वाचून दाखवले होते तसेच केलेस ना?” मी विचारले.

“नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच जमलं.”

त्या सर्वांसमोर मी फोन काढला आणि ‘झाले’ हे बटण दाबले. एवढा प्रामाणिक अभिलेख मी आयुष्यात केला नसेल.

परतताना मी विचारले, “वेळ माहीत होती, तर सकाळी मला का विचारलेस?”

“विचारलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं,” ती समोर पाहत म्हणाली. “एवढी मेहनत केली होतीत चिठ्ठीवर.”

यावर माझ्याकडे तळटीप नव्हती.

त्यानंतर झालेले बदल थोडक्यात नमूद करतो. दर मंगळवारी पत्नी मोटार घेऊन ताईंकडे जाते. लाकडी ट्रेमध्ये आता मोटारीच्या किल्ल्या असतात. फोन मोटारीत पुढे अडकवला आहे. तो तिला रस्ता सांगतो, आणि ती त्याचे ऐकत नाही. मी तपशील दोन्ही ठिकाणी लिहितो. द्विरुक्तीचा दोष पत्करला आहे. घरातली कामे प्रत्यक्षात लक्षात ठेवते ती.

मात्र गेल्या मंगळवारी ती मला ताईंच्या घरीच विसरून परत आली. मी ताईंच्या फोनवरून तिला फोन केला आणि म्हणालो, “अगं, मी इकडेच राहिलो.”

पलीकडून शांतपणे प्रश्न आला, “क्रमांक?”